आठाचं ओझं

मैनाबाई, तुम्हाला माती देऊन आज बारा दिवस झाले आणि मला अजून रडू आलेलं नाही. सकाळी घंटा वाजवतो, हजेरी घेतो, पाढे म्हणवून घेतो, दुपारी घरी येऊन भात टाकतो. हात आपले आपले चालतात. परवा सातवीच्या फळ्यावर 'घनफळ' असा मथळा लिहिला आणि पुढं काय लिहायचं ते बराच वेळ सुचेना. पोरांना वाटलं गुरुजी आठवताहेत. मग त्यांनी आपसात बोलायला सुरुवात केली आणि मी ओरडलो नाही, तेव्हा ती आपोआप गप्प झाली.

तिरडीला खांदा देणाऱ्या चौघांत मी एक होतो. मला कोणी बोलावलं नव्हतं, कोणी अडवलंही नाही. तुमच्या मुलानं नुसती जागा करून दिली. गावाबाहेरच्या मोहाच्या झाडांपर्यंत आम्ही चालत गेलो आणि सगळी वाट माझ्या डोक्यात एकच होतं, की खांद्याला वजन लागत नाही. पस्तीस किलो असतील का, की चाळीस? चाराने भागलं तर किती? तुम्ही असता तर म्हणाला असता, "गुरुजी, मेल्या मानसाचं तरी गनित नका करू." पण मला दुसरं काही येत नाही, बाई.

टेबलावर खडू ठेवायला तुम्ही केलेली ती वीतभर ढोली अजून आहे. गावातल्या घराघरांत धान साठवायची जशी बांबूची उभी ढोली असते, तशीच हुबेहूब, शेणामातीनं लिंपलेली. खडू काढताना तिच्या काठाला बोट लागतं. हे लिहितानाही ती समोरच आहे.

मी पहिल्यांदा या शाळेत आलो तेव्हा जिल्हा नुकताच चंद्रपूरपासून वेगळा झाला होता आणि शाळेच्या पाटीवर जुनं नाव खोडून गडचिरोली लिहिलेलं होतं. ते अक्षर माझ्याच हातचं. आल्या आल्या मी केलेलं ते एकमेव काम, कारण राहायचा माझा विचारच नव्हता. कुरखेड्याला एस.टी.नं उतरायचं, पुढं मिळाली तर जीप, आणि शेवटचे दोन कोस पायी. इथं कोणी मास्तर वर्षाच्या वर टिकत नाही, हे मला घरी, चामोर्शीतच समजलं होतं. तुम्ही तर मला तोंडावर 'पाहुणे गुरुजी' म्हणायचात. मी हसायचो आणि मनात म्हणायचो, खरंच आहे.

आपली ओळख भांडणानं झाली. मला कचऱ्यासाठी टोपली हवी होती. तुमच्या अंगणात एक पायलीची टोपली पडली होती, ती दाखवून मी म्हणालो, याच्या दुप्पट करून द्या. आठवड्यानं तुम्ही आणली ती जेमतेम चार बोटं मोठी. मी पट्टी लावली. उंची दुप्पट नाही, रुंदी दुप्पट नाही. मी म्हणालो, बाई, ही दुप्पट नाही.

तुम्ही घरातून धान आणलं, पायलीनं मोजून टोपलीत टाकलं. दोन पायल्या, काठोकाठ. "दोन मावते," तुम्ही म्हणालात. "आता तुमची दुप्पट दाखवा."

मी दाखवली. म्हणजे तुमच्याकडूनच करून घेतली, पट्टीनं मोजून, उंचीही दुप्पट आणि रुंदीही दुप्पट. आणि मग मला असा हुरूप आला की त्या दोन टोपल्या आणि तुम्ही, सगळंच मी शाळेत घेऊन गेलो. तुम्ही त्याआधी शाळेच्या उंबऱ्याच्या आत कधी आला नव्हता. पदर घट्ट ओढून तुम्ही फळ्याखाली बसलात आणि पोरं फिदीफिदी हसायला लागली, त्यात तुमची नात सुमी सगळ्यांत जास्त. तुम्ही लहान टोपली भरून मोठीत ओतत गेलात आणि पोरं मोजत गेली. पाचाला सगळे चक्रावले. सातालाही टोपली भरेना. आठाला भरली.

त्या दिवशी मी खडूच्या आठ खोक्यांचा एक मोठा ठोकळा रचला. दोन लांब, दोन रुंद, दोन उंच. एका खोक्याला बाहेरून वर्तमानपत्र चिकटवायला एक पान पुरलं. मोठ्या ठोकळ्याला किती पानं लागतील असं विचारलं तर सगळी ओरडली, आठ. लागली चारच. लांबी दुप्पट, कातडं चौपट, पोट आठपट. मी फळ्यावर लिहिलं दोन, चार, आठ आणि खाली दोन रेघा मारल्या. माझ्या आयुष्यातला तो सगळ्यांत चांगला तास होता, हे मी तुम्हाला कधी सांगितलं नाही.

"हे मले ठाऊक होतं," तुम्ही उठताना म्हणालात. "दुप्पट मोठी कराची तं चार टोपल्याच्या कामट्या घेतो आमी. फळ्यावर कायले लिहा लागते?"

मग दारात थांबून तुम्ही मला एक प्रश्न विचारलात. तुम्ही मला विचारलेला तो पहिला प्रश्न. "मंग गुरुजी, लहान्या लेकराले थंडी जास्त काऊन लागते?"

मला तर आनंदच झाला. मी परत ठोकळा घेतला. म्हटलं, पाहा, लहान खोक्याला एका पोटामागं एक पान कातडं. मोठ्याला आठ पोटांमागं चारच पानं, म्हणजे एका पोटाला अर्धंच पान. ऊब असते पोटात आणि निघून जाते कातड्यातून. लहान्याचं कातडं त्याच्या अंगाच्या मानानं फार असतं, म्हणून ते लवकर थंड पडतं. मी हे असं खडू नाचवत सांगत होतो. तुम्ही ऐकून घेतलंत. मग म्हणालात, "माहं दुसरं पूस महिन्यात गेलं. पाच दिवसाचं होतं. कोनी सांगतलं असतं तं अंगालेच बांधून ठेवलं असतं." आणि टोपल्या उचलून निघून गेलात. दुसऱ्या दिवसापासून सुमी शाळेत एक दिवसही चुकली नाही. मोह वेचायच्या दिवसांत सगळी शाळा रानात असायची, तेव्हाही ती एकटी येऊन बसायची.

आता ज्याच्यासाठी लिहायला बसलो ते लिहितो.

त्या वर्षी गावानं ठरवलं की धान निघालं की घरटी थोडं थोडं एका ठिकाणी साठवायचं. आषाढ-श्रावणात कोठ्या रिकाम्या होतात, तेव्हा ज्याला लागेल त्यानं न्यायचं आणि नवं पीक आलं की परत भरायचं. जागा शाळेतली बंद खोली. धान होतं आठ ढोल्या भरतील एवढं. बांबू जंगलातून मोजूनच मिळायचा. एका ढोलीला दहा, म्हणजे आठांना ऐंशी. एवढे मिळणं कठीण होतं.

आणि मला सुचलं. आठ ढोल्या कशाला? एकच करा, दुप्पट उंच, दुप्पट रुंद. धान मावेल आठ ढोल्यांचं आणि कामट्या लागतील चार ढोल्यांच्या. चाळीस बांबू. निम्म्यात काम. मी गावाला शाळेत बोलावलं, फळ्यावर तेच दोन, चार, आठ लिहिलं. डोमाजी पाटलांनी मान डोलावली. लोक माझ्याकडे जसे पाहत होते तसं माझ्याकडे आधी कोणी पाहिलं नव्हतं. चामोर्शीच्या आमच्या बौद्ध वस्तीतून निघालेला मी पहिला गणिताचा मास्तर. माझ्या बापानं दुसऱ्यांच्या धानाच्या बांधीत चिखल तुडवून मला शिकवलं होतं. त्यानं हे पाहायला हवं होतं, असं मला वाटत होतं.

तुम्ही मागं बायकांत बसला होता. तिथूनच बोललात.

"नाई होत, गुरुजी. मोठीले दुहेरी वीण लागते. ऐंशीच लागतीन."

"ऐंशीच लागले तर मग फायदा काय झाला?" मी हसून म्हणालो. लोकही हसले.

"फायदा नाईच. पन चाळिसाची फुटन. आठाचं ओझं चार कसे उचलतीन?"

मी फळ्यावर टिचकी मारली आणि म्हणालो, "बाई, हे गणित आहे."

एवढं एकच वाक्य मी त्या दिवशी परत घेतलं असतं तरी बाकीचं काही घडलं नसतं. तुम्ही काय म्हणत होता ते मला समजलंच नव्हतं, हे खरं आहे. पण विचारायला काय जात होतं, हेही खरं आहे.

चाळीस बांबूंत तुम्ही ती ढोली विणलीत. किती निगुतीनं विणलीत ते मी पाहिलं आहे. प्रत्येक कामटी अंगठ्याखाली वाकवून पाहत होता, जरा करकरली की बाजूला टाकत होता. माझ्या डोक्याच्या वर गेली ढोली. आत उतरून लिंपायला सुमीला शिडीनं सोडलं होतं आणि ती आतून गाणी म्हणत होती. धान भरलं, तोंड बंद केलं, सगळ्यांनी हात लावला. उन्हाळाभर ती उभी होती. मध्येच केव्हा तरी तुम्ही तिच्या पोटावर हात फिरवून म्हणालात, "फुगून राह्यली." मी म्हणालो, तुमचा भास आहे.

आषाढात शनिवारी अर्धी शाळा सोडून मी कुरखेड्याला गेलो, सोमवारी सकाळी परत आलो. खोलीच्या दाराखालून आंबूस वास येत होता. दार उघडेना, कारण आतून धान दाराला लागलं होतं. ढोली खालच्या अंगाला उभी चिरली होती. भिंतीखालून पाणी आत आलं होतं आणि दोन दिवस भिजलेल्या धानाला पांढरे मोड फुटले होते. वरचं थोडं वाचलं. ज्या महिन्यासाठी साठवलं, त्याच महिन्यात गेलं.

सगळं गाव जमलं. बायका खाली बसून चांगलं धान वेगळं काढायला लागल्या. डोमाजी पाटील त्या चिरलेल्या ढोलीकडे पाहत होते. "असं काऊन झालं, गुरुजी?" त्यांनी विचारलं.

तुम्ही माझ्यापासून दोन हातांवर होता, हातात सूप. मी म्हणालो, "कामट्या कच्च्या असतील."

सुपाचा आवाज थांबला नाही. मी वाट पाहत होतो की तुम्ही थांबाल, मान वर कराल, काही तरी म्हणाल. म्हणजे मग मलाही काही म्हणता आलं असतं. तुम्ही धान पाखडत राहिलात.

मला तेव्हा खरंच तसं वाटत होतं का? अर्धंमुर्धं. माझं गणित बरोबर होतं, मग चूक कामट्यांत असली पाहिजे. पण कामट्या कशा निवडल्या ते मी डोळ्यांनी पाहिलं होतं. त्या श्रावणात गावानं एक वेळ जेवण आणि एक वेळ रानातले कंद यांवर दिवस काढले. कोणी मेलं नाही. पण तुमच्याकडं कोणी ढोली सांगायला येईना. मग सूपही सांगेनात. पोरांच्या खेळातली फांदी मोडली तरी पोरं म्हणायची, "मैनाबाईची ढोली!" माझ्या वर्गात म्हणायची. मी "गप्प बसा" एवढंच म्हणायचो. तुमच्या तीस वर्षांच्या हाताला नाव ठेवणारं ते बोलणं माझ्या एका वाक्यातून निघालं होतं आणि मी त्याच पोरांना शुद्धलेखन घालत होतो.

नंतर दोन महिनेही गेले नाहीत, पोळा आला. दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा, पोरांनी बैल घेऊन घरोघर जायचा दिवस. त्या वर्षी कोणाकडे लाकडाचे बैल नव्हते, म्हणून मी शाळेतच मातीचे करायला लावले. मी मास्तर, नुसते कसे करू देईन? म्हटलं, एक बैल एका वितीचा करा आणि दुसरा दोन वितींचा, सगळं मोजून दुप्पट. पाय दुप्पट लांब, दुप्पट जाड, पोट दुप्पट. पोरांनी सुतळीनं मोजून मोजून केले. लहान बैल सगळे उभे राहिले. मोठा एकही उभा राहिला नाही. पाय बसायचे, नाही तर मोडायचे.

"गुरुजी, पोट लई जड झालं," सुमी म्हणाली.

मी समजावून सांगायला फळ्याकडे वळलो. पाय दुप्पट जाड, म्हणजे आडवा कापला तर चौपट. त्याच्यावर शरीर आठपट. चारवर आठ. तिथं माझा हात थांबला. ढोलीची भिंतही तशीच. आतलं धान आठपट झालं, ढकलणारं बळ वाढलं आणि धरून ठेवायला कामट्या चौपटच. कामटी दुहेरी केली असती तर आठाला आठ झाले असते. ऐंशी बांबू. तुम्ही नेमका आकडा सांगितला होता, फळ्याशिवाय.

शाळा सुटल्याबरोबर मी तुमच्या घरी आलो. सांगायलाच आलो होतो. तुम्ही ओसरीवर कामट्या सोलत होता. कोणाच्या ढोलीच्या नव्हत्या, कुरखेड्याच्या बाजारात नेऊन विकायच्या लहान टोपल्यांच्या होत्या. तिथं तुम्हाला कोणी ओळखत नव्हतं. पारबतानं, तुमच्या सुनेनं, कोरा चहा दिला.

"तुमचे बैल पडले म्हंते सुमी," तुम्ही म्हणालात.

"हो."

"पोट वाढलं का पाय जाड करा लागते, गुरुजी."

तुम्ही मान वर न करता हे म्हणालात. आवाजात काही नव्हतं, ना राग, ना टोमणा. माझ्यापुढं दार उघडं टाकलं होतं तुम्ही. मी म्हणालो, "हो." चहा पिऊन मी उठलो आणि जाता जाता, काही तरी बोलायचं म्हणून, खडूसाठी एक वीतभर ढोली करून द्या म्हणालो. तीच ही.

त्यानंतर चार वर्षं. चार वर्षांत मी किती वेळा ठरवलं, मोजलं नाही. पुढल्या सभेत सांगू. पोळ्याला सांगू. मला मलेरिया झाला तेव्हा तुम्ही तीन दिवस पेज घेऊन येत होता, ओली पट्टी ठेवत होता. बरा झाल्यावर मी भीत भीत विचारलं, तापात मी काही बडबडलो का? "पाढे म्हनून राह्यले होते," तुम्ही म्हणालात, "दुसरं काई नाई." खरं होतं का ते, बाई? की मी बोललो होतो आणि तुम्ही ऐकून ठेवलं? हे आता कोणाला विचारू?

पावसाळ्यात तुम्ही बांबूचे वास्ते पाठवायचात. कोवळे कोंब, सोलून, बारीक चिरून, कारण मला सोलता येत नाही हे तुम्हाला माहीत होतं. मी ते खायचो. बाजाराच्या दिवशी सकाळी तुम्ही डोक्यावर टोपल्यांची चवड घेऊन शाळेवरून जायचात. मी खिडकीतून पाहायचो. मग फळ्याकडे वळायचो. दर वर्षी सातवीला घनफळ शिकवताना मी दोन, चार, आठ लिहायचो आणि ढोलीचं उदाहरण गाळायचो.

काल तुमच्या नावाचं जेवण झालं. सारं गाव मोहाखाली पंगतीला बसलं होतं. सुमी आता कुरखेड्याला वसतिगृहात राहून नववीत शिकते, तीही आली होती. जेवण झाल्यावर लोक तुमच्याबद्दल बोलायला लागले. तुम्ही कोणाच्या बाळंतपणाला धावलात, कोणाला सूप फुकट दिलंत. डोमाजी पाटील सुपारी कातरत म्हणाले, "बाई लाखाची होती. ते ढोली तेवढी बिघडली तिच्या हातून."

मी उभा राहिलो. मी म्हणालो, ढोली बाईच्या हातून बिघडली नाही. चाळीस बांबू मी सांगितले होते. त्या ऐंशी म्हणत होत्या. माझं गणित अर्धं होतं. कामट्या कच्च्या नव्हत्या, ते मी खोटं बोललो. मातीचे बैल पडले तेव्हा मला पक्कं समजलं आणि तरीही मी बोललो नाही.

पाटलांनी अडकित्ता बंद केला. "इतले साल काऊन नाई बोलले, गुरुजी?" त्यांनी विचारलं. "बाई डोक्यावर टोपल्या घेऊन कुरखेड्यापरेंत जाये. आमच्या दारावरून जाये. आमी तिले एक सूप नाई सांगतलं."

तेव्हा चुलीकडून पारबता आली, हात पदराला पुसत.

"सासूले ठाऊक होतं," ती म्हणाली. "ढोली फुटली त्या हप्त्यात ते गुरुजीच्या घरी गेली होती. गुरुजी लांब कागद लिहून राह्यले होते. आदीचे सारे मास्तर तसाच लांब कागद लिहून गेले. घरी येऊन आमाले म्हने, गुरुजीले कोनी काई बोलाचं नाई. ढोली माहीच फुटली म्हनाचं. हा मास्तर गेला तं सुमी कुठी शिकन?"

तो कागद बदलीचा अर्ज होता, बाई. तुम्हाला वाचता येत नाही म्हणून मी तो झाकलाही नव्हता. टेबलावर तसाच उघडा ठेवून तुमच्याशी बोललो होतो. अजून माझ्या पेटीत आहे, तारीख न घातलेला. त्या आठवड्यात मी वाट पाहत होतो की कोणी तरी माझ्याकडे बोट दाखवेल आणि मी तो पाठवून मोकळा होईन. कोणी दाखवलं नाही. तुम्ही आधीसारख्याच येत राहिलात. मग मी राहिलो. इतकी वर्षं मला वाटत होतं की राहायचं मी ठरवलं.

सुमी माझ्याकडे पाहत होती. तिला यातलं काही माहीत नव्हतं, चेहऱ्यावरून समजत होतं. ती रडली. मला तरीही रडू आलं नाही. मी खाली बसलो आणि कोणी तरी पाण्याचा गडवा पुढं केला, तो घेतला.

आज सकाळी शाळेआधी मी तुमच्या घरी गेलो. तुमची कामट्या सोलायची सुरी ओसरीच्या आढ्याला खोचलेली होती. पारबता अंगण झाडत होती. मी म्हणालो, गावाचं धान परत साठवायचं आहे, पाटलांनी सकाळी निरोप पाठवला. आठ ढोल्यांचं. तिला विचारलं, तुम्ही कराल का?

तिनं झाडणं थांबवलं. सुरीकडे पाहिलं. "एक का आठ?" तिनं विचारलं.

"तुम्ही सांगा."

"एक केली तं दुहेरी वीन लागन. सासू तसंच म्हने." मी आता फळा काढीन, हिशोब मांडीन, असं तिला वाटत असावं. "बांबू किती आनाव, गुरुजी?"

माझ्या जिभेवर आकडा होता. मी तो गिळला.

"तुम्ही सांगाल तेवढे," मी म्हणालो.

एवढंच मी त्या सभेत तुम्हाला म्हणायला हवं होतं, बाई.